कमरेला पिस्तूल आणि आरशात पोलिसांचे दिवे: अमेरिकेत गाडी थांबवली तर काय, कधी आणि कसं सांगायचं

आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो, डॅशबोर्डचा कप्पा नाहीतर डिकी उघडून कागद काढतो आणि दोन पावलं पुढे जाऊन 'काय झालं साहेब?' म्हणतो. अमेरिकेत यातलं काहीच चालत नाही, आणि कमरेला पिस्तूल असेल तर हीच सवय जिवावर बेतू शकते. तिथे उलट रीत आहे. बसल्या जागी राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे आणि पोलीस आपल्यापर्यंत चालत येईपर्यंत काहीही शोधायचं नाही.

टेक्सास, मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी अशा राज्यांत राहणाऱ्या आणि नुकतंच कॅरी परमिट (पिस्तूल जवळ बाळगून फिरायचा परवाना) काढलेल्या किंवा काढायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. पिस्तूल बाळगावं की नाही, हा वाद इथे नाही.

आधी स्वतःचा व्हिसा बघा

परमिटच्या क्लासला जाण्याआधीची ही पायरी आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर रोज कमरेला पिस्तूल लावून फिरायचा विचार वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण येत नाही.

इथे घरोघरी होणारी एक गफलत सांगून ठेवतो. नवऱ्याला ग्रीन कार्ड आणि परमिट आहे, बायको अजून व्हिसावर आहे. नवऱ्याने पिस्तूल गाडीच्या कप्प्यात ठेवलं आणि विसरला. दुसऱ्या दिवशी बायको तीच गाडी घेऊन किराणा आणायला गेली आणि वाटेत तिला थांबवलं. पिस्तूल तिच्या ताब्यात होतं असा अर्थ काढला जाऊ शकतो, आणि तिचा इमिग्रेशनचा सगळा डोलारा हलतो. गाडीतून उतरताना पिस्तूल सोबत न्या किंवा घरी तिजोरीत ठेवा. गाडी म्हणजे कपाट नव्हे.

राज्य कोणतं, त्यावर सगळं अवलंबून

पोलिसाला स्वतःहून सांगायचं की विचारल्यावर, याचा देशभर एक नियम नाही. ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

काही राज्यांत गाडी थांबवल्यावर लगेच, न विचारता सांगावं लागतं. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना, लुइझियाना, अलास्का, नेब्रास्का ही त्यातली. न्यू जर्सीनेही २०२२ च्या कायद्याने ही सक्ती आणली. मिशिगनमध्ये पिस्तूल अंगावर असो की गाडीत, सांगावंच लागतं. तिथे पहिल्यांदा चुकलात तर ५०० डॉलरपर्यंत दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. तीन वर्षांत दुसऱ्यांदा चुकलात तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि परवाना रद्द.

दुसऱ्या प्रकारात पोलिसाने विचारलं तरच सांगायचं, पण विचारल्यावर खरं सांगणं बंधनकारक. इलिनॉय, मिनेसोटा आणि अ‍ॅरिझोना या गटात येतात. ओहायोमध्ये पूर्वी स्वतःहून सांगावं लागे, १३ जून २०२२ पासून विचारल्यावर सांगणं पुरेसं झालं. जुन्या क्लासची टिपणं जपून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसऱ्या प्रकारात कायद्याचा भर परवाना दाखवण्यावर आहे. टेक्सासमध्ये अंगावर पिस्तूल आहे आणि पोलिसाने ओळखपत्र मागितलं, तर परमिटधारकाने ड्रायव्हिंग लायसन्ससोबत हँडगन लायसन्सही द्यायचं असतं. न दिल्याची शिक्षा २००९ मध्ये काढून टाकली, पण नियम कायम आहे. पेनसिल्व्हेनियात मागणी झाल्यावर परवाना दाखवावा लागतो.

२०२४ अखेरीस २९ राज्यांत परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येत होतं. त्यावरून 'मग सांगायचीही गरज नाही' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. परमिटची अट आणि सांगायची अट या वेगळ्या गोष्टी आहेत. मेन राज्यात तर परमिट नसलेल्यालाच पोलिसाला लगेच सांगावं लागतं.

हे कागदावर सोपं वाटतं, प्रवासात नाही. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी माणसं सुट्टीत न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे गाडीने जातात. आय-७५ ने टोलेडोला पोचेपर्यंत तासभरात 'लगेच सांगा' वाला मिशिगन संपून 'विचारलं तर सांगा' वाला ओहायो सुरू होतो. पुढे पेनसिल्व्हेनियात परवाना दाखवायचा नियम लागू होतो. आय-८० वरून डेलावेअर नदी ओलांडली की मिशिगनचा परवाना नुसता प्लॅस्टिकचा तुकडा उरतो, कारण न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही.

तिथे प्रामाणिकपणे सांगूनही माणूस अडकतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या शनीन अ‍ॅलन यांना न्यू जर्सीत वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबवलं. पेनसिल्व्हेनियाचं परमिट त्यांच्याकडे होतं. पिस्तूल असल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि त्यांना अटक झाली, किमान साडेतीन वर्षांची सक्तीची कैद समोर उभी राहिली. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली. म्हणून सीमा ओलांडण्याआधी पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत, गोळ्या वेगळ्या, आणि हे सगळं डिकीत. डिकी वेगळी नसलेल्या गाडीतही पेटी कुलपाचीच हवी, ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल चालत नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने अशा नेण्याला संरक्षण दिलं आहे. मात्र जिथून निघालात आणि जिथे पोचणार आहात, त्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर असलं पाहिजे. न्यू जर्सीत पाहुणे म्हणून जाणाऱ्याने पिस्तूल घरी ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं.

नियम दरवर्षी बदलतात. लांबच्या प्रवासाआधी त्या त्या राज्याच्या पोलीस खात्याचं किंवा अ‍ॅटर्नी जनरलचं पान उघडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रंगीत नकाशे बहुतेक वेळा शिळे असतात.

घरातून निघण्याआधी गाडी लावून घ्या

रस्त्याकडेला निम्म्या गडबडी होतात त्या कागद आणि पिस्तूल एकाच दिशेला असल्यामुळे. त्या घरीच टाळता येतात.

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे सीटबेल्टचं बक्कल त्याच्या उजव्या कमरेशी येतं. उजवा हात वापरणारा माणूस पिस्तूलही उजव्या कमरेलाच लावतो, आणि आपल्या पुरुषांचं पाकीट उजव्या मागच्या खिशात. बक्कल, पिस्तूल, पाकीट, तिन्ही वीतभर जागेत. तुम्ही लायसन्स काढायला हात मागे नेलात काय किंवा बेल्ट सोडायला खाली नेलात काय, खिडकीबाहेर उभ्या माणसाला दिसतो तो फक्त पिस्तुलाकडे जाणारा हात.

उपाय फुकटचा आहे. पाकीट डाव्या पुढच्या खिशात ठेवा. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचा कागद सन व्हायजरला अडकवायच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा, लांब निघाल्यावर लायसन्स आणि परमिटही तिथेच. मग सगळं डोक्याच्या वर, उजेडात असतं आणि हात कमरेकडे जायचं कारणच उरत नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये पिस्तूल आणि त्याच्याखाली इन्शुरन्सचा कागद, ही मांडणी सगळ्यात वाईट. पोलीस कागद मागतो, तुम्ही कप्पा उघडता, आणि त्याला पहिली दिसते ती मूठ.

पिस्तूल ट्रिगर झाकणाऱ्या होल्स्टरमध्येच, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानातच, असू द्या. सीटच्या फटीत, दाराच्या खणात किंवा मांडीखाली कधीच नको.

दिवे दिसल्यापासूनची पावलं

सिग्नल द्या, वेग कमी करा, उजव्या कडेला थांबा. रात्री जागा काळोखी असेल तर हझार्ड लावून सावकाश पुढच्या गॅस स्टेशनपर्यंत गेलात तर चालतं, पण वेग वाढवू नका आणि फार लांब जाऊ नका. ९११ ला फोन करून कळवायचं असेल तर स्पीकरवर, फोन धारकातच ठेवून. फोन खाली पडला तर पडू द्या. वाकलेला चालक हे पोलिसाच्या दृष्टीने सगळ्यात नकोसं दृश्य.

इंजिन बंद. चारही काचा खाली, कारण बरेच पोलीस उजव्या बाजूने येतात आणि मागच्या काचा काळ्या असतील तर आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. अंधार असेल तर आतला दिवा लावा. गाणी बंद. हे सगळं पोलीस त्याच्या गाडीतून उतरायच्या आत उरका, मग दोन्ही तळवे स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं मोकळी. बेल्ट लावलेलाच राहू द्या.

तो खिडकीशी आला की त्याचं बोलणं सुरू होण्याआधी किंवा अभिवादन होताच, सक्तीच्या राज्यात पहिलंच वाक्य हे:

"गुड इव्हनिंग ऑफिसर. आय हॅव अ कॅरी परमिट, अँड आय अ‍ॅम कॅरिंग टुडे. व्हॉट वुड यू लाइक मी टु डू?"

या वाक्याचा क्रम मुद्दाम असा आहे. परमिट हा शब्द आधी येतो, म्हणजे ऐकणाऱ्याला तुम्ही नियमातले आहात हे आधी कळतं. 'कॅरिंग' या शब्दाचा अर्थ प्रत्येक पोलिसाला माहीत असतो. 'गन' हा शब्द वाक्यात नाही, कारण रहदारीच्या गोंगाटात आधीचे चार शब्द विरून तो एकटाच ऐकू गेला, तर मागे उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदारापर्यंत पोचतो तो इशारा. शेवटी प्रश्न आहे, म्हणजे पुढची हालचाल तो ठरवतो.

वाक्य संपलं की थांबा. हात तिथेच. बऱ्याचदा तो 'ओके, तू तुझ्याला हात लावू नकोस, मी माझ्याला लावत नाही' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो आणि लायसन्स मागतो. तेव्हा आधी सांगा, मग करा: "माय लायसन्स इज इन द व्हायजर. आय विल रीच विथ माय लेफ्ट हँड. इज दॅट ओके?" तो हो म्हणाल्यावरच हात हलवा, तोही पाण्याखाली हलवल्यासारखा.

पिस्तूल कुठे आहे असं विचारलं तर शब्दांनी सांगा: "राइट हिप, इन अ होल्स्टर." बोट दाखवू नका. हातवारे करत बोलायची आपली सवय इथे घात करते. आणखी एक सवय म्हणजे हो म्हणताना मान डोलावणं. अमेरिकन माणसाला त्यातून हो की नाही काहीच कळत नाही, आणि 'एनी वेपन्स इन द कार?' या प्रश्नाला संदिग्ध उत्तर कुणालाच नको असतं. मोठ्याने 'येस, ऑफिसर' म्हणा.

दुसरी गाडी मदतीला आली तर नव्या पोलिसाला काही ठाऊक नसतं. तो खिडकीशी आला की तेच वाक्य पुन्हा, तितक्याच शांतपणे.

इतकं सांभाळूनही काय बिघडतं

६ जुलै २०१६ च्या रात्री मिनेसोटात फाल्कन हाइट्स इथे फिलँडो कॅस्टील यांची गाडी थांबवली. वय ३२, खिशात वैध परमिट, गाडीत जोडीदार आणि तिची चार वर्षांची मुलगी. पोलिसाने लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं. कॅस्टील यांनी इन्शुरन्सचा कागद दिला आणि आपल्याजवळ शस्त्र असल्याचं शांतपणे, 'सर' म्हणून सांगितलं. पोलिसाने त्याला हात लावू नकोस म्हटलं. कॅस्टील तसं करत नसल्याचं सांगत असतानाच काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या, पाच लागल्या. ते ओळखपत्र काढत होते, असं त्यांच्या जोडीदाराने सांगितलं. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवलं.

कॅस्टील यांचं चुकलं म्हणून हे घडलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते कृष्णवर्णीय होते, आणि तो संदर्भ सोडून त्या रात्रीकडे पाहता येत नाही. पण त्या काही सेकंदांतून घेण्यासारखी गोष्ट आहे ती हीच की लायसन्सची मागणी आणि शस्त्राची माहिती एकमेकांवर आदळल्या. पोलिसाने एकीकडे पाकीट काढायला सांगितलं होतं, दुसरीकडे हात लावू नको म्हटलं. असे दोन परस्परविरोधी हुकूम कानावर पडले, तर आधीचा हुकूम अर्धवट सोडून हात स्टिअरिंगवर परत न्या आणि म्हणा, "माय हँड्स आर ऑन द व्हील. आय अ‍ॅम नॉट मूव्हिंग." पाकीट नंतरही काढता येतं.

म्हणूनच सांगायचं असेल तर कागद मागण्याआधी सांगावं, निम्मा हात खिशात असताना नाही.

सक्ती नसेल तिथे सांगावं का?

यावर जाणकारांत दोन तट आहेत. आमचा कल असा: कागद व्हायजरमध्ये आहेत, पिस्तूल शर्टाखाली नीट झाकलेलं आहे आणि पोलिसाने विचारलेलं नाही, तर गप्प राहणं कायदेशीर आहे आणि बहुतेक वेळा पुरेसंही. पण तीन प्रसंगी न विचारता सांगावं. कागद काढताना हात पिस्तुलाच्या जवळ जाणार असेल तर. शर्ट वर सरकून मूठ दिसत असेल तर. आणि त्याने गाडीतून उतरायला सांगितलं तर. उतरायला सांगायचा त्याला अधिकार आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच तसं म्हटलं आहे. उतरताना बेल्ट सोडावा लागतो, म्हणजे हात बक्कलाकडे, म्हणजे कमरेकडे. तेव्हा दार उघडायच्या आधी सांगा.

काही राज्यांत परमिटची नोंद लायसन्सशी जोडलेली असते, म्हणजे तो खिडकीशी येईपर्यंत त्याच्या स्क्रीनवर ते दिसलेलंही असतं. विचारल्यावर 'नाही' म्हणणं मात्र कुठेही करू नका.

पिस्तूल आहे हे सांगणं म्हणजे गाडीची झडती घ्यायला परवानगी देणं नव्हे. झडतीसाठी संमती मागितली तर "आय डोंट कन्सेंट टु सर्चेस" एवढंच म्हणा. तरीही त्याने झडती घेतली तर आडवे येऊ नका, ते भांडण न्यायालयात.

पिस्तूल ताब्यात घेतलं तर

थांबवलेल्या वेळेपुरतं ते स्वतःकडे ठेवायचा निर्णय तो घेऊ शकतो. अशा वेळी स्वतःच्या हाताने काढून देऊ नका. "गिव्ह मी द गन" असं म्हणाला तरी नम्रपणे विचारा: "ऑफिसर, वुड यू प्रेफर टु टेक इट युअरसेल्फ?" तुम्ही होल्स्टरमधून काढलेलं पिस्तूल दुसऱ्या पोलिसाला फक्त उपसलेलं दिसतं. चेंबरमध्ये गोळी आहे का, सेफ्टी कुठे आहे, होल्स्टरचं कुलूप कसं सुटतं, हे विचारलं तर शब्दांत सांगा. रिकामं करून द्यायची हौस नको. गडबडलेल्या हातून सुटलेली गोळी कुणाच्याही पायात जाते.

परत देताना ते सहसा रिकामं, मॅगझिन वेगळं काढलेलं असतं. कधी मागच्या सीटवर ठेवतो, कधी डिकीत, आणि आपण निघून गेल्याशिवाय हात लावू नकोस म्हणतो. तसंच करा. तिथल्या तिथे भरू नका, होल्स्टरमध्ये घालू नका. पुढे एखाद्या शांत जागी थांबून, चेंबर दोनदा तपासून मग. सुट्या गोळ्या मोजून घ्या, सीटखाली एखादी घरंगळलेली असतेच. जप्त करून नेलं तर पावती मागा आणि तिच्यावर सिरीयल नंबर बरोबर आहे ना ते बघा.

गाडीतली बाकीची माणसं

भारतातून आलेले आई-बाबा मागे बसलेले असतात. बाबांना वाटतं आपण उतरून साहेबांशी दोन शब्द बोलावेत, आई पर्समधून पासपोर्ट शोधायला लागते, आणि दोघंही मराठीत मोठ्याने 'काय झालं रे?' विचारतात. त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा: दार उघडायचं नाही, पर्स उघडायची नाही, हात मांडीवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर. आपसात मराठी बोलणंही तेवढी पाच मिनिटं बंद, कारण न कळणाऱ्या भाषेतली घाईची कुजबुज पोलिसाला सावध करते. आणि पैशाची गोष्ट चुकूनही काढू नका. पाकिटातून नोट बाहेर आली तर दंडाऐवजी लाच देऊ केल्याचा गुन्हा लागेल.

लहान मुलांना पिस्तुलाबद्दल माहीत असेल, तर मागून 'डॅडी हॅज अ गन' असा आवाज येऊ शकतो. तुम्ही आधीच सांगितलेलं असेल तर पोलीस हसून सोडून देईल. नसेल सांगितलं, तर पुढची काही मिनिटं बरीच लांब वाटतील.